सुपाएवढा वारा

"चढव टप," मोठी बाई म्हणाली. "मी मोजते."

अंगणात खाट टाकून ती बसली होती, पदर नाकापर्यंत ओढून. पाय जमिनीला टेकत नव्हते, इतकी ती बुटकी. समोर दोन नव्याकोऱ्या मोटारी उभ्या होत्या आणि भोवती निम्मं गाव. मी हुडाच्या गाडीशी, बाह्या वर सारून तयार.

"लाभ," तिनं सुरुवात केली.

त्या भागात धान कुडोनं मोजतात. कुडो म्हणजे माप. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. वीस कुडो भरले की एक खंडी. मोठ्या बाईची अट अशी होती की एक खंडी व्हायच्या आत, म्हणजे वीस मोजून होईपर्यंत, टप, म्हणजे छप्पर, चढवून उघडी गाडी पूर्ण झाकली गेली पाहिजे. वीसच का, ते पुढे सांगतो.

मी कमानी उचलल्या. "चार... पाच..." मागची कमान बसली. "नऊ... दहा..." कॅनव्हास ओढून पुढच्या काचेच्या पट्टीपर्यंत आणला. कॅनव्हास नवा होता, ताठ होता, दोन बोटं कमी पडत होता. "सतरा..." उजवा विंग नट, म्हणजे बोटांनी फिरवायचा पंखवाला नट, आवळला. डावा नट बोटांतून निसटला आणि धुळीत पडला.

"वीस. झाली खंडी," मोठी बाई म्हणाली. "तुहा टप अजून हवेतच हाये, मिस्त्री."

लोक हसले. माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. मला घाम फुटला होता, तोही पौषाच्या थंडीत.

मी नागपूरच्या एका मोटार एजन्सीत हुडमिस्त्री होतो. आता हा धंदाच राहिलेला नाही, म्हणून सांगावं लागतं. गाडीचं कापडी छप्पर, गाद्या, पडदे, दारांच्या आतलं अस्तर, हे सगळं माझं काम. इंजिनवाले स्वतःला मोठे समजायचे. समजोत बापडे. पण माणूस इंजिनवर बसत नाही, गादीवर बसतो.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या तीन-चार वर्षं आधीची. एक दिवस मॅनेजरनं मला बोलावलं.

"गोंदियाला जायचं. दोन गाड्या वॅगनवर चढवल्यात. आमगावच्या पुढे एक मालगुजार आहे, त्याला दोन्ही दाखवायच्या. तो एक निवडेल."

"सेल्समन नाही जाणार?"

"त्याला मलेरिया झालाय. गाडी चालवता येते ना तुला? मग झालं. आणि ऐक, दोन घेऊन जातोस, एकच परत आणायची. दोन्ही परत आल्या तर तू तिकडंच राहा."

दोन्ही स्पोर्ट गाड्या होत्या. टू-सीटर, लांब नाकाच्या. मागं डिकी होती. आज ज्यात लोक बॅगा कोंबतात ती डिकी तेव्हा उघडली की बसायची जागा व्हायची, बिनछपराची. इंजिन दोन्हींचं एकच. फरक फक्त डोक्यावर. एक कूपे, म्हणजे पक्क्या छताची. दुसरी हुडाची. हिला आज कन्व्हर्टिबल म्हणतात. हुड खाली पाडला की डोक्यावर आभाळच.

खरं सांगतो, त्या हुडाच्या गाडीवर माझा जीव होता. तिचा हुड मीच शिवला होता. शंभरेक हुड शिवले असतील मी आयुष्यात, पण हुड पाडून, मोकळ्या रस्त्यानं, काही काम नसताना गाडीत बसून जाणं मला कधी मिळालं नव्हतं. हुडमिस्त्रीच्या नशिबी गाडी नेहमी उभी असते.

गोंदिया स्टेशनवर धाकटे मालक टीकारामजी घ्यायला आले होते. पंचविशीचे असतील. नागपूरला कॉलेजात शिकले होते, तिथंच गाडी शिकले. वडील वारले तेव्हा शिक्षण सोडून गावी आले. मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा जमीनदार. गाव यांच्या नावावर, पण शब्द चालायचा आईचा. तीच मोठी बाई.

टीकारामजींनी कूपेकडे पाहिलंसुद्धा नाही. हुडाच्या गाडीत बसले आणि निघाले. मी कूपे घेऊन मागून, त्यांची धूळ खात. धानाची कापणी झालेली, बांधांमधल्या बैलगाडीच्या वाटा वाळून कडक झालेल्या. गावाची शीव आली. तिथं रस्त्याच्या कडेला एक मोठं मोहाचं झाड आहे. टीकारामजींनी गाडी थांबवली.

"मिस्त्री, टप चढवा."

"आता तर पोचलोच की."

"म्हनूनच म्हनून राहिलो ना. हे शीव आहे. आई पाहील."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी होती की सासरच्या गावात सुनेनं उघड्या तोंडानं बाहेर पडायचं नाही. पदर नाकापर्यंत. माहेरची शीव लागली की तीच पोरगी पदर खांद्यावर टाकून गावभर हुंदडणार, कोणी काही म्हणणार नाही. मधल्या वाटेवर रेंगी असते. रेंगी म्हणजे छोटी बैलगाडी. तिला चारी बाजूंनी कापड बांधायचं आणि आत सुनेला बसवायचं. टीकारामजींच्या बायकोला त्या बंद रेंगीत उलट्या व्हायच्या. माहेर सहा कोसांवर. मागच्या खेपेला पोचेपर्यंत ती बेशुद्ध पडायच्या बेताला आली होती. तेव्हापासून वर्ष होत आलं, ती गेलीच नव्हती. माहेरी जायचं नाव काढलं की रडायची आणि रेंगीचं नाव काढलं की अजून रडायची.

"मी वचन देल्लो तिले. उघडी मोटार आनतो म्हनून," टीकारामजी म्हणाले. "शिवेपर्यंत टप चढवू. शीव सुटली का पाडू. वारा लागला तं काही होत नाही तिले. पन आई म्हनते, पक्क्या टपाचीच पायजे. बंद गाडीत पुन्हा तेच ना हो, मिस्त्री? रेंगी ते रेंगी, नाही तं इंजिनची रेंगी."

आता माझ्यापुढचा पेच बघा. आई कूपे घ्यायला तयारच होती. मी गप्प बसलो असतो तर संध्याकाळी कूपे विकून, दुसरी गाडी वॅगनवर चढवून मोकळा झालो असतो. पण अठरा मैल मी त्या पोराच्या मागून आलो होतो आणि अठरा मैल त्याचे केस उडताना पाहिले होते. आणि हुड माझा होता. त्याला कोणी बेभरवशाचा म्हणावं हे मला सोसवणार नव्हतं.

मोठ्या बाईनं आधी कूपे तपासली. गाय विकत घ्यायला निघाल्यासारखी तिच्याभोवती फिरली. माझ्या हातानं दोन्ही बाजूंचे पडदे ओढायला लावले. मला आत बसवून स्वतः रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

"समोरच्या काचेतून दिसून नाही राहिलास," ती म्हणाली. "उजेड पडते काचेवर. बरं हाये. टप पत्र्याचा हाये का?"

"कडेनं पत्रा. मधे नाही. मधे लाकडी पट्ट्या, वर कापूस आणि रेक्झिन."

हे लोकांना खरं वाटत नाही, पण त्या काळी तसंच असायचं. एवढा मोठा पत्रा एका तुकड्यात दाबणारी यंत्रं सगळ्या कारखान्यांत नव्हती. छताच्या मधला भाग कापडीच असायचा. बाहेरून कळायचं नाही.

"म्हंजे हाबी कापडाचाच," ती म्हणाली. "मंग दुसऱ्यात काय वाईट हाये?"

"काहीच नाही, बाई. उलट तो पाडता येतो."

"आन चढवता? रस्त्यावर मानूस दिसला तं?"

मोहाच्या झाडाजवळ रस्ता वळतो. वळणावर माणूस दिसल्यापासून तो गाडीतलं तोंड ओळखण्याइतका जवळ येईपर्यंत किती वेळ जातो, ते तिनं मनाशी धरलं होतं. एक खंडी. म्हणून वीस. बाई शाळेत गेलेली नव्हती, पण हिशोब असा की आमच्या मॅनेजरला जमला नसता.

आणि त्या खंडीत मी नापास झालो, ते वर सांगितलंच.

"उद्या सकाळी परत मोजा," मी म्हणालो.

"मोजीन. मोजाले का खर्च येते मले?"

दुपारभर मी त्या हुडाच्या मागं लागलो. कॅनव्हास ओला केला, कमानींवर ताणून उन्हात सोडला. सांध्यांना मेण चोळलं. विंग नट हीच मुख्य अडचण होती. फिरवत बसावे लागतात, घाईत सुटतात. मला ट्रंकेला असतात तशा ओढून दाबायच्या कड्या हव्या होत्या. एका झटक्यात बसतात. मी टीकारामजींना विचारलं, "घरात एखादी जुनी ट्रंक आहे का?"

ते आत गेले. थोड्या वेळानं दारातूनच एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांचा, दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडाजवळ. इतकी उंच बाई त्या गावात दुसरी नसावी. हातात दोन कड्या होत्या, नव्याकोऱ्या. पितळेच्या.

"जुनी नाही सापडली," आतून आवाज आला. "हे माह्या ट्रंकेच्या आहेत. लग्नातल्या."

"अहो, चांगली ट्रंक मोडलीत?"

"मंग काय करू तिचं? माहेरी जानंच नाही तं ट्रंक कायले पायजे?"

मी त्या कड्या काचेच्या पट्टीवर बसवल्या. संध्याकाळपर्यंत एकट्यानं चाळीस वेळा हुड चढवला, चाळीस वेळा पाडला. बोटांची सालं निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट, मोठी बाई, निम्मं गाव, सगळं परत जागच्या जागी. "लाभ," ती म्हणाली. या खेपेला कमानी आपल्या आपण उठल्यासारख्या उठल्या. कड्या खट्‌ खट्‌ बसल्या. ती "सोळा"वर होती.

गाव ओरडलं. टीकारामजींनी मला मिठी मारली. दाराआड कोणीतरी हसलं, अगदी मोकळं हसलं.

मोठी बाई खाटेवरून उतरली. "अंगनात बैलबी चांगला चालते," ती म्हणाली. "चालू गाडीत पाहीन. मी बसते."

"चल, मी नेतो," टीकारामजी म्हणाले.

"तू नोको. तू मले हो म्हनवशील. मिस्त्री चालवल."

ती पुढं बसली खरी, पण दिसेनाशीच झाली. गाडीच्या दारावरून तिला बाहेरचं काही दिसेना. मग घडी घालून गोधडी तिच्याखाली ठेवली. मागं डिकीत घरातली जुनी कामवाली पारबता बसली, सोबतीला. हुड चढवलेला, बाजूचे पडदे लावलेले. निघालो.

शिवेवरचं मोहाचं झाड मागं पडलं. मी गाडी हळू केली.

"पाडू का?" मी विचारलं.

तिनं पडद्याची कड बोटानं सारून बाहेर पाहिलं. "पाड," म्हणाली.

मी उतरलो, कड्या सोडल्या, पडदे काढले, हुड मागं घडी केला. पुन्हा निघालो. आधी दहाच्या वेगानं, मग वीसच्या. तिच्या डोक्यावरचा पदर सरकला. तिनं तो ओढून घेतला. पुन्हा सरकला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा सरकला तेव्हा तिनं तसाच राहू दिला. तिचे केस सगळे पिकलेले होते. मला वाटतं, घरापासून एवढ्या लांब, उघड्या आभाळाखाली तिचे केस कोणी पाहिले नसतील.

दोन्हीकडे कापलेल्या धानाची शेतं, मधे बोड्या. बोडी म्हणजे शेताला पाणी द्यायचा लहानसा तलाव. एका बोडीच्या काठी सारसांची जोडी उभी होती, माणसाएवढी उंच. तिनं मान वळवून वळवून पाहिलं.

"परत फिरू?" मी विचारलं.

"काऊन? दमली का तुही मोटार?"

मग मी विचारायचं सोडून दिलं. रस्ता जिथं संपतो तिथं वाघ नदीचा घाट होता. मी इंजिन बंद केलं. पाणी कमी होतं, रेती पांढरी पडली होती. पलीकडच्या काठावर शेवरीची झाडं, त्यांच्यामागं दोन-चार कौलं.

"ते माहं माहेर," मोठी बाई म्हणाली.

"इतकं जवळ?"

"जवळच हाये. बत्तीस वर्सं झाली मले या घरात येऊन. या रस्त्यानं वीस खेपा तरी गेली आली असीन. पन हा रस्ता मी आज पाहिला. रेंगीच्या कापडातून का दिसते? बैलाची घंटी आयकू येते, बस. ते सारस इथं राहतेत हे मले मालूमच नव्हतं."

"आता जाता का कधी?"

"माय मेली तवा गेलती. आता कोन हाये तिथं? भाऊ गेला, भावजय गेली. घर दुसऱ्याचं हाये."

ती त्या कौलांकडे पाहत राहिली. मी आयुष्यात पुष्कळ माणसांना गाडीत बसलेलं पाहिलं आहे. गाडी उभी असताना इतकं दूर गेलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तेवढ्यात घाटाच्या चढावरून एक बैलगाडी आली. गावचाच माणूस होता. हीच ती परीक्षा. मी उडी मारून उतरलो आणि कमानीला हात घातला.

"राहू दे," ती म्हणाली.

बैलगाडी जवळ आली. गाडीवानानं मोटारीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मला रामराम घातला आणि निघून गेला.

"ओळखलं नाही त्यानं," मोठी बाई म्हणाली. "तीस वर्सं माह्या घरचं धान खाऊन राहिला. पन माहं तोंड कोनं पाहिलं हाये?" आणि ती हसली. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

परतताना मोहाच्या झाडाशी तिनं स्वतः पदर नीट केला आणि म्हणाली, "चढव." मी चढवला. तिनं मोजलं नाही.

मी मनात म्हटलं, गाडी विकली गेली. गंमत म्हणजे मला थोडं वाईटही वाटलं, कारण आता तो हुड मला परत दिसणार नव्हता. अंगणात टीकारामजी वाटच पाहत होते.

"हे पक्क्या टपाची ठेवा," मोठी बाई उतरता उतरता म्हणाली. "उघडी वापस न्या."

"आई!" टीकारामजी ओरडले. "खंडीच्या आत चढला ना टप? तूच मोजलं ना?"

"चढला. टपात काही खोट नाही."

"मंग काऊन?"

ती पायरीवर बसली. टीकारामजी तणतणत मागच्या अंगणात गेले. दाराआड आता काहीच वाजत नव्हतं. मी गोधडी उचलून तिच्या हातात द्यायला गेलो आणि राहवलं नाही म्हणून बोललो. मी गिऱ्हाइकाशी असं बोलत नसतो.

"बाई, तुम्हाला आवडली होती. मी पाहिलं."

"आवडली म्हनूनच ना, बाबा," ती हळू बोलली. "घाटावर माह्या मनात आलं का वापस नाही जावं. इथंच बसावं. मी पन्नाशीची, पलीकडे माहं कोनी नाही, तरी आलं. हे पोरगी बाविशीची हाये. तिची तं माय बसली हाये माहेरी. एकदा असा वारा लागला तं ते या दारात पाय ठेवल का? आन ठेवला तरी मन ठेवल का?"

तिचं म्हणणं चूक होतं असं मला वाटतं, पण ज्यानं बत्तीस वर्षं घालवली नाहीत त्यानं ते म्हणू नये असंही वाटतं. मी हुडाच्या गाडीवरच्या त्या पितळी कड्या काढल्या आणि परत द्यायला रुमालात बांधून ठेवल्या. माझ्या मॅनेजरच्या हिशोबानं माझं काम फत्ते झालं होतं. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो, तर मोठी बाई कूपेशी उभी. हातात सूप होतं, धान पाखडायचं.

"रात्रभर डोळा लागला नाही," ती म्हणाली. "मिस्त्री, तू म्हनलास ना, याचा टप मधी कापडाचा हाये?"

"हो."

तिनं पारबताकडून सूप गाडीच्या छतावर ठेवून घेतलं, डाव्या बाजूला, ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या डोक्यावर येईल असं. "एवढं काप."

मला आधी कळेचना. "काय कापू?"

"टप. सुपाएवढा. बाजूनं पडदे राहतील, लोकायले काही दिसनार नाही. वरून वारा येईल. पोरीले उलटी तं होनार नाही."

"बाई, ही नवी गाडी आहे! छत कापलं तर कंपनीची गॅरंटी जाते. मॅनेजर मला—"

"गाडी कोनाची हाये?"

"तुमची."

"मंग काप. सबन वारा नोको, सुपाएवढा पुरे."

मी पंचवीस वर्षं हुड शिवले, पण नव्या गाडीच्या छतावर सुरी चालवायची ती एकच वेळ. खडूनं सुपाची कड आखली. रेक्झिन चिरलं, कापूस काढला, दोन लाकडी पट्ट्या कापून कडेनं चौकट मारली. माझ्याजवळच्या कॅनव्हासचं झाकण शिवलं, मागं गुंडाळता येईल असं. वर बंद करायला त्याच ट्रंकेच्या पितळी कड्या लावल्या. झाकण आतून ओढायला एक चामडी पट्टा लागणार होता. तो किती लांब ठेवायचा? मी दाराकडे तोंड करून म्हणालो, "सूनबाई, बसल्या जागी हात वर केला तर कुठवर पोचतो ते दाखवा."

ती दाराआड पाटावर बसली. चौकटीपाशी हात वर आला. मी माप घेतलं. उंच बाई, लांब हात, पट्टा आखूडच पुरला.

त्याच दिवशी ती माहेरी गेली. टीकारामजींनी गाडी चालू केली, पडदे ओढलेले, गाव दोन्हीकडे उभं. आत कोण आहे ते कोणालाच दिसलं नाही. गाडी मोहाच्या झाडापलीकडे गेली आणि छतातलं झाकण मागं गेलं. तिथून एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांचा, आणि वाऱ्यात तसाच राहिला.

मोठी बाई पायरीवरून पाहत होती. "तुम्ही नाही जायचं कधी?" मी विचारलं.

"मी पाहून घेतलं ना घाटावरून," ती म्हणाली आणि आत गेली.

हुडाची गाडी मी गोंदियापर्यंत एकट्यानं चालवत आणली. हुड पाडून. रस्ता मोकळा होता, काही काम नव्हतं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हेच, हे मला माहीत होतं. पण शेजारची जागा रिकामी होती आणि मला तिथं घडी घातलेली गोधडीच दिसत होती.

नागपूरला मॅनेजर भडकला. "नव्या गाडीचं छत फाडलंस?"

"गिऱ्हाइकानं फाडायला लावलं."

"गिऱ्हाईक उद्या इंजिनात चूल मांड म्हणेल!"

महिनाभर त्यानं मला हुडाला हात लावू दिला नाही, पंक्चर काढायला बसवलं. हुडाची गाडी पुढे छिंदवाड्याकडे कोणीतरी नेली. मी दुकानात नव्हतो तेव्हा गेली. बरं झालं.

पावसाळा संपल्यावर मला आमगावला परत जावं लागलं. नव्या गाडीला एक सर्व्हिसिंग फुकट असायचं आणि त्या छताला मॅनेजर दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नव्हता. "तुझं पाप तूच बघ," म्हणाला.

मोठी बाई पायरीवर होती. "गळून राहिला तुहा टप," तिनं स्वागत केलं.

"किती?"

"सुपाएवढा."

मी गाडीत शिरलो. पायाखालच्या चटईत नदीची पांढरी रेती होती. ती झटकली, झाकणाची शिवण पाहायला वर हात घातला आणि थांबलो. माझ्या चामडी पट्ट्याला खाली एक कापडाची पट्टी बांधलेली होती, चांगली वीतभर. लुगड्याचा काठ होता, करडा, धुवून धुवून विटलेला. उंच बाईला त्याची गरज नव्हती. तिचा हात पट्ट्याला आरामात पोचायचा. मी डावी गादी दाबून पाहिली. मधोमध चौकोनी दबलेली होती. घडी घातलेल्या गोधडीएवढी.

टीकारामजी दाराशी आले. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"दर सोमवारी," ते हळू आवाजात म्हणाले. "घाटापर्यंत. माही बायको घरी असली का तेच पाठवते आईले. म्हनते, जा ना, मी पाहते घराकडे. तुम्ही काही बोलू नोका, मिस्त्री. नाही तं आई जानंच सोडून देईल."

मी हुडमिस्त्री माणूस, मला बोलण्यापेक्षा शिवता येतं. पट्टा काढून टाकला आणि नवा लांब पट्टा शिवला, दोन ठिकाणी हात घालायला वळसे ठेवून. एक वर, एक वीतभर खाली. लुगड्याचा काठ खालच्या वळशात आतून शिवला, चामडं हाताला रुतू नये म्हणून. शिवण मेणानं पक्की केली.

मोठी बाई तपासायला आली. वरचा वळसा पाहिला. खालचा वळसा पाहिला. त्याला बोट लावलं. मला वाटलं आता झापणार.

"लाभ," ती म्हणाली, वरच्या वळशाला. मग खालच्याला हात लावला. "दोन."

आणि आत निघून गेली.

मॅनेजरच्या वहीत ती गाडी टीकारामजींच्या नावावर होती. आमच्या धंद्यात गाडी कोणी घेतली ते वहीत पाहायचं आणि गाडी कोणाची आहे ते गादी दाबून पाहायचं. मी पुढे नव्या पोरांना हेच शिकवलं, पण त्यांना वाटायचं मी गादीच्या कापसाबद्दल बोलतोय.